घसा दुखतोय: गुळण्या करत थांबायचं की डॉक्टर गाठायचा?

अबोली_२
नमस्कार मंडळी. आमच्याकडे कुणाचा घसा धरला की घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, आठवड्यात आपोआप उतरतं. दुसरा तट पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू करा म्हणतो. दोन्ही तटांतली माणसं बरी होतात, त्यामुळे वादाचा निकाल काही लागत नाही.

सध्या निमित्त आहे आठ वर्षांचा मुलगा. काल संध्याकाळपासून गिळताना डोळ्यांत पाणी येतंय, अंगात सणसणीत ताप आहे, खोकला अजिबात नाही. वर्षभरात त्याचा घसा बऱ्याचदा धरला आहे. त्याला उद्या सकाळी दाखवणारच आहे. पण एरवीसाठीही मला नीट समजून घ्यायचंय, कशाला थांबलेलं चालतं आणि कशाला थांबायचं नाही. अनुभव आणि माहिती दोन्ही येऊ द्या. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनाखोड
कोमट पाणी, मीठ, विश्रांती. पाच दिवस.

मुक्तछंद
जुनाखोड, तुमचा प्रतिसाद एका गुळणीत संपला की हो!

रानवाट
मी तर अझिथ्रोमायसिनची 3 गोळ्यांची पट्टी घरातच ठेवते. घसा धरला की पहिल्या रात्रीच सुरू. तिसऱ्या दिवशी माणूस कामावर. डॉक्टरही शेवटी तेच लिहून देतात, मग रांगेत कशाला बसायचं?

पिंपळपान
@रानवाट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतार पडायला लागतो तो बहुतेकांना गोळीशिवायही पडतो. घसादुखीची बहुतांश कारणं विषाणूची असतात, सर्दीवालेच सगळे. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने या विषयावरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या आहेत. नुसती खोटी गोळी दिलेल्यांपैकीही 10 मधले 8 जण आठवड्याभरात बरे झाले होते. अँटिबायोटिकने दुखणं कमी झालं ते सरासरी 16 तासांनी.

तेवढ्यासाठी जुलाब, पुरळ आणि पुढच्या वेळी औषध लागू न पडण्याची भीती ओढवून घ्यायची का, एवढाच प्रश्न.

रानवाट
मग डॉक्टर का देतात? त्यांना हे माहीत नसतं असं तर नाही.

पिंपळपान
गर्दी असते, पेशंट आग्रह धरतो, तपासणीची सोय हाताशी नसते. आणि काहींना खरंच गरज असते. ती कुणाला, हे डॉक्टरच सांगतील. पारिजात आहेत का इकडे?

डॉ_पारिजात
आहे. (नवीन सदस्यांसाठी: मी नाक-कान-घसा विभागात काम करते.)

आधी अबोलींच्या मुलाबद्दल. ताप, गिळताना जोरात दुखणं आणि खोकला *नसणं*. यातलं तिसरं फार महत्त्वाचं आहे. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज, लाल डोळे असं सोबत असेल तर कौल विषाणूकडे झुकतो. हे काहीच नाही आणि एकदम घसा आणि ताप, तर स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूचा विचार करावा लागतो. 1981 मध्ये सेंटर नावाच्या डॉक्टरांनी मोठ्या माणसांसाठी चार खुणा मांडल्या, प्रत्येकीला एक गुण: ताप, टॉन्सिलवर पू किंवा पांढरे ठिपके, जबड्याखाली मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, आणि खोकल्याचा अभाव. पुढे त्यात वयाचीही भर पडली. 3 ते 14 वर्षांच्या मुलांना एक गुण जास्त, 45 च्या पुढे एक गुण कमी. गुण जितके जास्त तितकी घशाच्या स्वॅबची गरज जास्त. मोठ्यांच्या घसादुखीत हा जिवाणू साधारण 10 मध्ये एकाकडे सापडतो, मुलांत 10 मध्ये दोघा-तिघांकडे. म्हणजे मुलांतही बहुसंख्य विषाणूचेच.

घरी बघायचं असेल तर असं बघा. मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवा, मोबाईलचा टॉर्च थोडा बाजूने धरा, जीभ बाहेर न काढता लांब "आऽऽ" म्हणायला सांगा. मधे लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना, कमानीच्या आत टॉन्सिल. पडजीभ मधोमध आहे का? दोन्ही टॉन्सिल साधारण सारखे आहेत का? टाळूवर बारीक लाल टिपके आहेत का? पडजीभ एका बाजूला ढकललेली आणि एक टॉन्सिल पुढे आलेला दिसला, तर तिथे पू साठला असण्याची शक्यता असते. अशा माणसाला तोंड नीट उघडता येत नाही, बोलणं तोंडात गरम घास धरल्यासारखं येतं, त्याच बाजूचा कान ठणकतो. त्याच दिवशी दाखवायचं. तो पू काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांवर भागत नाही.

आणि एक अपवाद. मूल पुढे वाकून बसलंय, लाळ गिळता येत नाही म्हणून गळतेय, श्वास घेताना आवाज येतोय, तर घशात काहीही घालू नका. चमचा नको, बोट नको, जबरदस्तीने आडवं करणंही नको. बसलेल्या अवस्थेतच थेट इमर्जन्सीला. स्वरयंत्रावरचं झाकण सुजलेलं असू शकतं आणि ते अचानक श्वास बंद करतं. ही सूज आणणाऱ्या हिब जिवाणूवरच्या लसीमुळे मुलांत हे फार कमी झालंय, पण संपलेलं नाही, आणि मोठ्यांनाही होतं.

अबोली_२
बघितलं. पडजीभ मधोमध आहे. दोन्ही टॉन्सिल लालभडक, त्यावर पांढरे ठिपके. जबड्याखाली हात लावू देत नाही. लाळ गिळतोय, पाणी पितोय.

डॉ_पारिजात
मग रात्री पळापळ नको, सकाळी दाखवा. स्वॅब किंवा रॅपिड टेस्टबद्दल विचारा. तोवर वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल, आणि घोट घोट पाणी. मुलांना ॲस्पिरिन कधीच नाही.

रानवाट
म्हणजे याला अँटिबायोटिक लागणारच. मग मी आजच सुरू करा म्हटलं तर काय चुकलं?

डॉ_पारिजात
@रानवाट, तुमचा मुद्दा मला कळतो. घाई करावीशी वाटते ती काळजीपोटीच. पण स्ट्रेपमध्ये आम्ही औषध देतो ते मुख्यतः पुढचा ऱ्हुमॅटिक फिव्हर टाळण्यासाठी. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आणि काही मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. 5 ते 15 वर्षं हे त्याचं वय. पण घसा धरल्यापासून 9 दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हे टाळता येतं. म्हणजे तपासून खात्री करायला वेळ असतो. आणि औषध कोणतं? पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, पूर्ण 10 दिवस. या जिवाणूने पेनिसिलिनला आजवर दाद दिली नाही असं एकदाही आढळलेलं नाही. अझिथ्रोमायसिनला मात्र तो बऱ्याच ठिकाणी जुमानत नाही. ते आम्ही पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांसाठी राखून ठेवतो.

कुतूहल
अवांतर, पण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 11 डिसेंबर 1945 च्या नोबेल व्याख्यानात घसादुखीचंच उदाहरण घेतलं होतं. एका माणसाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो. जंतू मरण्याइतकं नाही, पण त्यांना औषधाची ओळख होण्याइतकं. मग तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही, ती दगावते. दोष कुणाचा, असा प्रश्न त्याने सभेला विचारला होता. औषध बाजारात येऊन किती थोडा काळ झाला होता बघा, आणि माणसाला पुढचं सगळं दिसत होतं!

रानवाट
हे वाचून बराच वेळ विचार करत बसले. पट्टी कपाटातून काढते. पण डॉक्टर, एक सांगा. घरात एकट्याने मूल सांभाळणाऱ्या बाईला ताप चढलेलं मूल घेऊन रात्र काढायची म्हणजे काय असतं, तेही इथल्या लोकांनी लक्षात घ्यावं. "थांबा" म्हणणं सोपं असतं.

डॉ_पारिजात
अगदी खरं आहे. म्हणूनच नुसतं "थांबा" सांगू नये, काय बघत थांबायचं तेही सांगावं. श्वास, लाळ, लघवी. श्वास मोकळा आहे, लाळ गिळली जातेय, लघवी नेहमीसारखी होतेय, मूल हाक मारल्यावर ओ देतंय, तर रात्र निघते. यातलं एक जरी बिघडलं तर रात्रीच निघायचं.

इतिहासाचं_पान
एपिग्लॉटिसचा, म्हणजे स्वरयंत्रावरच्या त्या झाकणाचा विषय निघालाच आहे तर... अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन घसा दुखून गेले. डिसेंबर 1799 मध्ये बर्फापावसात घोड्यावरून फिरून आले, दुसऱ्या दिवशी घसा धरला आणि 14 तारखेच्या रात्री संपले. तोवर डॉक्टरांनी त्यांचं दोन लिटरांहून जास्त रक्त काढलं होतं! तिघांपैकी सर्वांत तरुण डॉक्टर श्वासनलिकेला छिद्र पाडू म्हणत होते, बाकीच्यांनी ऐकलं नाही. एपिग्लॉटिसचीच सूज असावी असं आजचे बरेच डॉक्टर मानतात.

पिंपळपान
आणि घटसर्प राहिलाच. घशात राखाडी पडदा, पुसायला गेलं तर रक्त येतं, मान सुजून बैलासारखी. वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल, 1901 चं, बेहरिंगना याच रोगाच्या सीरमसाठी मिळालं. लसीमुळे आपण तो विसरलो. मुलांचे डोस पूर्ण असतात, पण मोठ्यांनीही दर 10 वर्षांनी धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर घ्यायचा असतो, हे किती जणांना माहीत असतं?

मुक्तछंद
मला नव्हतं माहीत. वाचनखूण साठवली.

स्वरसाधना
मी गाणं शिकवते, त्यामुळे घसा हेच माझं पोट. आमच्याकडे येणाऱ्या मुलींची घसादुखी वेगळीच असते. ताप नाही, गाठी नाहीत, फक्त आवाज घोगरा आणि बोलून बोलून दुखणारा घसा. पहिली सूचना असते पूर्ण मौन. आणि कुजबुजणं म्हणजे मौन नव्हे! आवाज वाचवायला म्हणून लोक कुजबुजतात, त्याने अनेकांच्या घशावर ताणच पडतो. बोलायचंच असेल तर हळू पण नेहमीच्या आवाजात. सारखं खाकरणंही बंद, त्याऐवजी एक घोट पाणी.

तरी आवाज तीन आठवड्यांत मोकळा झाला नाही तर मी शिकवणं थांबवते आणि स्वरयंत्र दुर्बिणीतून बघून यायला सांगते. यात तडजोड नाही.

सांजवेळ
आमच्या ह्यांचा घसा महिनोन्‌महिने खवखवायचा, सकाळी जास्त. सर्दीची सगळी औषधं झाली. शेवटी निघालं पित्त. छातीत जळजळ मुळीच नव्हती, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. झोपायच्या तीन तास आधी जेवण आणि उशाकडची बाजू उंच, एवढ्याने अर्धं काम झालं.

गारवा
दम्याचा पंप घेणाऱ्यांनीही लक्ष द्या. स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकली नाही तर घशात बुरशी धरते. पांढरे चट्टे आणि चरचर.

निळाई
मला थायरॉइड जास्त असण्यासाठी कार्बिमॅझोल चालू होतं, तेव्हाची गोष्ट लिहिते, कारण यावर फारसं कुणी बोलत नाही. औषध सुरू करताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, घसा दुखला आणि ताप आला तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्त तपासायचं, वार सुट्टीचा असला तरी. क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी या औषधाने एकदम खाली येतात आणि पहिली खूण म्हणून घसाच दुखतो. तशी वेळ माझ्यावर आली, रक्त तपासलं, पेशी ठीक निघाल्या, साधी सर्दी होती. पण दुखणं साधं होतं हे रिपोर्ट आल्यावरच कळलं ना. केमो चालू असणारे, मेथोट्रेक्सेटसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणारे, सगळ्यांनाच हे लागू आहे. घरातल्यांनाही सांगून ठेवा.

डॉ_पारिजात
@निळाई, फार मोलाचं लिहिलंत. इथे "पाच दिवस वाट बघू" हा हिशोब चालतच नाही.

आणखी एक घसादुखी सांगते जी घशाची नसतेच. जिना चढताना, चढावर भरभर चालताना घशात किंवा जबड्यात आवळल्यासारखं दुखतं, थांबलं की जातं. गिळण्याशी काही संबंध नाही. ही हृदयाची तक्रार असू शकते. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत छातीत न दुखताही असं येऊ शकतं. गुळण्या करत बसू नका, ईसीजी आणि पुढच्या तपासण्या करून घ्या. बसल्याबसल्या दुखणं सुरू झालं आणि थांबेना, घाम आला, तर रुग्णवाहिका बोलवा.

जुनाखोड
हे मला नवं आहे. चढावर मला हल्ली असं होतं. नोंद घेतली. उद्याच जातो.

मुक्तछंद
उद्या नक्की ना? आणि तोवर चढ चढू नका. इथे येऊन कळवा. वाट बघतोय.

अबोली_२
अपडेट देते. स्वॅब पॉझिटिव्ह आला, स्ट्रेपच होता. अमॉक्सिसिलिन 10 दिवस. दुसऱ्या दिवशीच खेळायला लागला, पण कोर्स पूर्ण करायचाच. औषध सुरू होऊन 24 तास होईपर्यंत शाळेत पाठवू नका म्हणाले. आता नातेवाईक म्हणतायत टॉन्सिल काढूनच टाका. काढावेत का?

डॉ_पारिजात
आकडा मोजा. ढोबळ नियम असा: वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी 5 वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी 3 वेळा, आणि प्रत्येक वेळी ताप, गाठी, पू असं काहीतरी डॉक्टरांनी नोंदवलेलं. त्याहून कमी असेल तर बहुतेक मुलं वाढत्या वयात सुटतात. रात्री घोरताना श्वास अडकत असेल तर मात्र हिशोब वेगळा. एक वही करा, तारखा लिहा.

अबोली_२
श्वास अडकत नाही. वही आजपासून. तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, दोन्ही तटांना हा धागा वाचून दाखवला. सासरे म्हणाले, माझंही विचार. त्यांचा उजवा घसा गिळताना टोचतो, दोन महिने तरी झाले असतील. ताप वगैरे काही नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. खरी तक्रार उजव्या कानाची आहे, कानात थेंब घालतायत, डॉक्टरांनी कान बघून स्वच्छ आहे म्हटलं होतं. वय 66. तंबाखू-सिगारेट काही नाही.

डॉ_पारिजात
अबोली, हे थांबवू नका. याच आठवड्यात नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा.

कारण सांगते. घशाचा मागचा भाग आणि कान, दोघांनाही मेंदूतून निघणारे नववा आणि दहावा मज्जातंतू जातात. त्यामुळे टॉन्सिलच्या किंवा जिभेच्या मुळाशी काही असलं तर दुखणं कानात जाणवतं आणि कान मात्र तपासल्यावर स्वच्छ निघतो. एकाच बाजूचं दुखणं, तीन आठवड्यांच्या पुढे गेलेलं, गिळताना टोचणारं आणि कान निरोगी, एवढं एकत्र आलं की दुर्बिणीने बघितल्याशिवाय सोडायचं नाही. तंबाखू नाही म्हणून निर्धास्त राहू नका, टॉन्सिलचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे व्यसन नसलेल्यांनाही होतो. दुसरी साधी कारणंही असू शकतात, कानाच्या मागून खाली येणारं हाड लांब असलं तरी असंच टोचतं. बघितल्यावरच कळेल. मानेत गाठ लागतेय का, वजन घटलंय का, थुंकीत रक्त येतंय का, एवढं आज विचारून ठेवा.

तपासणीला घाबरू नका म्हणावं. नाकातून बारीक दुर्बीण जाते, आधी सुन्न करणारा फवारा मारतात, थोड्या वेळात होतं, भूल लागत नाही.

अबोली_२
मानेला उजवीकडे सुपारीएवढी गाठ आहे. दुखत नाही, म्हणून ते बोलले नव्हते. उद्या सकाळची वेळ घेतलीय. त्यांना रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, ती बंद ठेवू का?

डॉ_पारिजात
मनाने बंद करू नका. चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी सोबत न्या. नुसती दुर्बीण गोळी चालू असतानाही होते. तुकडा काढायचा ठरला तर गोळीचं काय करायचं ते त्यांचे हृदयाचे आणि घशाचे डॉक्टर मिळून ठरवतील.

रानवाट
अबोली, मुलाच्या शाळेचं, डब्याचं काही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. संकोच नको.

जुनाखोड
जाऊन आलो. ईसीजी ठीक आहे, पण चढावरच्या दुखण्यासाठी ताणचाचणी सांगितलीय, गुरुवारी आहे. गोळ्या सुरू केल्यात. बाकी नंतर लिहितो. अबोली, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, आम्ही एकाच वयाचे.

अबोली_२
@जुनाखोड, सांगितला. त्यांनी तुम्हाला सांभाळून राहायला सांगितलंय.

आमचं असं: उजव्या टॉन्सिलच्या खाली खडबडीत सूज दिसली. गाठीतून सुईने नमुना घेतलाय, टॉन्सिलचा तुकडा सोमवारी घेणार आहेत. तज्ज्ञ म्हणाले, आलात ते बरं झालं, अजून नाव देत नाही. बाबा शांत आहेत, पण जेवण खूपच कमी झालंय. दुखतं म्हणून टाळतात.

डॉ_पारिजात
जेवणाचं सोमवारपर्यंत ठेवू नका. उद्याच फोन करून दुखणं कमी करणारं औषध मागा आणि ते जेवणाच्या अर्धा तास आधी द्या. इबुप्रोफेनसारखं काही आपल्या मनाने देऊ नका, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ते रक्तस्राव वाढवतं. मऊ, गार किंवा कोमट, थोडं थोडं पण दिवसातून सहा-सात वेळा. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून मुलाच्या वहीतच लिहा. निदान काहीही निघालं तरी पुढच्या उपचारांसाठी वजन टिकलेलं हवं. पातळ पदार्थ गिळताना ठसका लागायला लागला तर मात्र सोमवारची वाट न बघता दाखवा.